चार बोटांवरची कडी

आईनं साखळी तिसऱ्यांदा पदरावरून ओढली आणि तिसऱ्यांदा पदराचं सूत निघालं.

"बघ, अंजे," ती म्हणाली. "तूच बघ आता."

मी बघितलं. हातभर लांबीची चांदीची साखळी, पैंजणाला लावायची. ज्वारीच्या दाण्याहून बारीक कड्या एकीत एक अडकवलेल्या. त्यात नेमकं काय चुकलंय ते मला कळणं शक्य नव्हतं. हुपरीसारख्या चांदीच्या गावात जन्मून मला एक कडी कधी धड जोडता आली नाही. पण निळ्या पदरातून ओढलं गेलेलं सूत मलाही दिसत होतं. कडीचं तोंड पुरतं मिटलं नाही की ते कापडाला धरतं. आमच्या गल्लीत घरोघरी बायका हेच काम करायच्या आणि सगळ्यांची परीक्षा एकच, साखळी झाली की पदरावरून ओढायची. सुळकन निघाली तर माल मालकाकडं, अडकली तर पुन्हा चिमटा हातात. आईची साखळी अडकलेली मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"उजव्या डोळ्यानं नीट बघ ना," मी म्हटलं. "एवढं भारी भिंग बसवलंय त्यात."

"त्यानंच बघतीया."

"मग?"

"मग काय? भितीवरची पाल दिसती. देवळाच्या कळसावर कावळा बसलाय त्यो दिसतोय. तुज्या नाकावरची पुटकुळी दिसती. हातातली कडी तेवढी दिसत न्हाई." आणि तिनं चिमटा परातीत असा आपटला की कड्या उडून चार दिशांना गेल्या.

मग आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून फरशीवरच्या कड्या वेचत राहिलो. लांबच्या कड्या तिला माझ्याआधी दिसत होत्या, याचा मला फार राग आला.

राग यायला कारण होतं. ते भिंग माझी भेट होती.

आईचा नंबर लहानपणापासून उणे, आणि वाढत वाढत नऊवर जाऊन थांबलेला. गावात तिला तोंडावर रत्नाक्का म्हणत आणि पाठीमागं ढापणी. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. तीन स्थळांनी चष्म्यापायी नकार दिला होता म्हणे. लग्नाच्या फोटोत तिनं चष्मा काढून ठेवलाय आणि सगळे कॅमेऱ्याकडं बघत असताना ती एकटी भलतीकडंच बघतेय. आप्पा होते तोवर त्या फोटोवरून तिला चिडवायचे, "बघा, लग्नातच दुसऱ्या कुणाकडं तरी बघत होती."

कामाला बसताना मात्र ती चष्मा काढून परातीच्या कडेला ठेवायची आणि कडी नाकाशी न्यायची. नाकाच्या शेंड्यापासून चार बोटं. तिथं तिची दुनिया सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. पण त्या चार बोटांत तिच्याइतकं साऱ्या गल्लीत कुणाला दिसत नव्हतं. चांगल्या डोळ्यांच्या बायका आपल्या साखळ्या तिच्याकडं घेऊन यायच्या, "अक्का, जरा बघा की, कुठली उघडी हाय?" आणि ही साखळी नाकाखालून सरकवत सरकवत एका कडीवर थांबायची. "ही. आनि हिच्या पुढची तिसरी."

सदुसष्टाव्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. डावा डोळा पहिल्यापासून कमजोर, म्हणून आधी उजवा करायचं ठरलं. मी कोल्हापुरात हायस्कूलवर मराठी शिकवत होते. भाऊ नाही, आप्पा गेलेले, म्हणजे सगळं माझ्यावरच. हॉस्पिटलात कळलं की आता साध्या भिंगाबरोबरच मल्टिफोकल नावाचं भिंग मिळतं. लांबचं, मधलं आणि वाचण्याचं, तिन्ही दिसतं, चष्मा सुटतो. मी दुसरा विचारच केला नाही. जन्मभर ढापणी म्हणवून घेतलेल्या बाईचा चष्मा सुटणार! कोण मुलगी नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आईनं आरशात बघितलं. चष्म्याशिवाय स्वतःचा चेहरा लांबून बघायची तिची ती पहिलीच वेळ. "अगं बाई," ती म्हणाली, "एवढी म्हातारी झाले व्हय मी?" मग तिनं बसची पाटी वाचली, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, आणि गावात शिरेपर्यंत दिसेल ते वाचत राहिली. शेजारची शांताक्का म्हणाली, "आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं गं तुझं." मी शाळेत पेढे वाटले.

महिन्याभरानं डॉक्टरांनी कामाची परवानगी दिली आणि आई परात घेऊन बसली. पुढचं सांगितलंच.

तपासणीची तारीख आली तेव्हा मी तिला घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टर माणूस चांगला होता, घाई न करणारा. तक्त्यावरची शेवटची ओळ आईनं न अडखळता वाचली. हातात धरलेल्या कार्डावरचा सगळ्यात बारीक मजकूरही वाचला.

"आजी, माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं दिसतंय," डॉक्टर हसून म्हणाले.

आईनं कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडली आणि साखळीचा तुकडा टेबलावर ठेवला. "ह्यातली उघडी कडी कुठली, सांगा."

डॉक्टरांनी तो उजेडात धरला. "मला नाही कळणार."

"मला बी न्हाई कळत आता. आधी कळायचं."

"तुम्ही कुठं धरून बघता?"

आईनं साखळी नाकाशी नेली. डॉक्टरांनी हळूच तिचा हात धरला आणि लांब नेला, पार वर्तमानपत्र धरतात तिथवर. "इथं धरायचं. आता तुमचं जवळचं इथं आहे."

"हितं धरून कडी दिसती. तिचं तोंड दिसत न्हाई. वर दर कडीच्या भवती आनि एक कडी दिसती, उजेडाची. खरी कंची आनि खोटी कंची?"

"ते वलय आहे. भिंगात गोल कड्या असतात, त्यामुळं चकाकणाऱ्या वस्तूभोवती दिसतं. हळूहळू मेंदूला सवय होते. तीन महिने, कधी सहा."

"मेंदूचं ऱ्हाऊ दे. नाकाजवळचं कवा दिसणार?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "ते नाही दिसणार, आजी. ते तुम्हाला तुमच्या नंबरामुळं दिसायचं. नऊ नंबर हा दोष खरा, पण जवळ बघायला तो भिंगाचं काम करतो. आम्ही तो नंबर काढून टाकला." ते फाईल चाळू लागले. "एवढा मायनस असला की आम्ही आधी विचारतो. विचारलं असणारच." एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, आणि फाईल मिटली. "असो. आता डाव्या डोळ्यातही हेच बसवू. दोन्ही सारखे झाले की सवय लवकर होते. तोवर कामापुरता एक चष्मा देतो."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

तो कामापुरता चष्मा आला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. जुन्यापेक्षा जाड! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आईनं तो लावून चार दिवस खटपट केली. कडी मोठी दिसे, पण धुरकट, आणि वलयही मोठं होऊन बसे. तासाभरात डोकं दुखायचं. मी फोन केला की ती एवढंच सांगायची, "आज दोन वीत झाली. सूत निघालं."

"आई, सवय होईल. डॉक्टर म्हणालेत ना?"

"तू जोडून बघ चार दिवस. मग सांग."

"अगं, पण एवढं करायचंच कशाला? पेपर वाच. टीव्ही बघ. बाकीच्या बायका या वयात..."

तिनं फोन ठेवून दिला. मला वाटलं, काय ही कृतघ्न बाई. सुट्ट्या काढल्या, खेटे घातले, सगळ्यात चांगलं ते दिलं, आणि हिचं आपलं एकच पालुपद. त्या आठवड्यात मी वर्गातल्या पोरांवर विनाकारण ओरडले.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा तातोबा शेटे ओसरीवर बसले होते. आईला चांदी तेच द्यायचे, तीस वर्षं. त्यांच्या हातात एक पैंजण होतं आणि ते सारखं या हातातून त्या हातात चाललं होतं.

"रत्नाक्का, राग मानू नका. गिऱ्हाइकाकडनं परत आलंय. नवऱ्या मुलीचा शालू फाडला म्हणं."

"माझंच हाय कशावरनं?" आई म्हणाली.

तातोबांनी पैंजण पुढं केलं. आईनं पैंजण घेतलं, सवयीनं नाकाशी नेलं, आणि तिथंच हात थांबला. डावा डोळा मोतीबिंदूनं गढूळ, उजव्याला तिथलं दिसत नाही. नाकापुढं धरलेलं आपलंच काम तिला आपलं म्हणून ओळखता येईना. शेवटी तिनं ते बोटांनी चाचपलं.

"माझंच हाय," ती म्हणाली.

"डोळा बरा झाला की बघू परत. काम कुठं पळून जातंय?" तातोबा उठले. जाताना परातीतली उरलेली चांदी रुमालात बांधून घेऊन गेले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

आईनं दोन्ही चिमटे धुतले, पुसले आणि एका जुन्या झंपराच्या तुकड्यात गुंडाळून फळीवर ठेवले. समोरच्या घरातून घुंगरांच्या ढिगाची छनछन येत होती. तिनं उठून दार लोटून घेतलं.

"डाव्याची तारीख पुढच्या बुधवारची मिळालीय," मी म्हटलं.

"डावा मी देनार न्हाई."

"देणार नाही म्हणजे? तो पिकत चाललाय. पार जाईल मग."

"जाऊ दे की. हाय तवर माझा हाय. उजवा दिला तुला, काय झालं बघितलंस न्हवं?"

"मला दिलास? मी काय करणार होते तुझ्या डोळ्याचं?" माझा आवाज चढला. "तुझ्यासाठीच केलं ना सगळं? चष्मा सुटला, लांबचं दिसायला लागलं, रस्त्यानं मान वर करून चालतेस. कडीपुढं दुसरं काही नाहीच का तुला?"

आईनं माझ्याकडं बघितलं. पूर्वी काचांमागं तिचे डोळे बारीक दिसायचे. आता ते पुरते मोठे दिसत होते आणि मला ते चुकवता येईनात.

"डागदरला इचार," ती म्हणाली. "डाव्यात दुसरं भिंग बसतंय का म्हणून. जवळचं. निस्तं जवळचं."

"असं कुणी करत नाही, आई."

"इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. विचारायचं म्हटलं तर ती फाईल पुन्हा उघडावी लागली असती.

बुधवारी ती आली खरी. का आली ते वाटेत सांगेना. हॉस्पिटलात पुन्हा तीच छोटी खोली, लाकडी पार्टिशन घालून केलेली, आणि टेबलामागं तीच प्रज्ञा नावाची मुलगी. ऑपरेशनआधीची माहिती भरून घेणं आणि भिंगं समजावून सांगणं हे तिचं काम. मागच्या वेळी आईच्या डोळ्यांत थेंब घालून तिला पार्टिशनपलीकडच्या बाकावर डोळे मिटून बसवलं होतं. या वेळी आई माझ्या शेजारच्या खुर्चीत होती.

"डाव्या डोळ्यासाठी नवा फॉर्म भरावा लागतो, मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "मागचीच माहिती परत लिहू?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"न्हाई," आई म्हणाली. "परत इचार तिला. एक एक."

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. "बरं. व्यवसाय?"

"आई, सांग," मी म्हटलं.

"तूच सांग की. मागं बी तूच सांगितलंस." आईचा आवाज अगदी साधा होता. "त्या फळीच्या पल्याड बसलेले मी. थेंब डोळ्यात घातलेले, अंजे. कानात न्हाई."

मी टेबलावरच्या कोऱ्या फॉर्मकडं बघितलं.

मागच्या वेळी याच खुर्चीत बसून मी 'गृहिणी' म्हणाले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण प्रज्ञानं नीट विचारलं होतं, "नंबर फार आहे त्यांचा. अगदी डोळ्याजवळ धरून करायचं काही बारीक काम करतात का? विणकाम, भरतकाम? असलं तर वेगळ्या भिंगाचा विचार करावा लागेल." आणि मी हसून म्हणाले होते, "छे हो. कसलं काम? घरीच असते."

चुकून नाही, जाणूनबुजून. वेगळं भिंग म्हणजे चष्मा राहणार, परात राहणार, कुबड काढून बसणं राहणार, हे मला एका क्षणात कळलं होतं. ते मला नको होतं. त्या परातीवर माझं बी.एड. झालं. पण हॉस्टेलवर कुणी विचारलं तर मी आई घरी असते म्हणायचे, सासरी तेच सांगितलं, स्टाफरूममध्ये तेच. दुसऱ्याच्या पैंजणांपुढं नाक घासणारी आई मला कुणाला दाखवायची नव्हती. काम सोड म्हटलं तर ती सोडणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी तिच्या डोळ्यातूनच ते काढून टाकलं. आणि वर पेढे वाटले.

"ऐकलंस, तर तेव्हाच का नाही बोललीस?" मी विचारलं.

"मला वाटलं, शिकलेली पोर हाय. काहीतरी जाणून बोलत आसंल."

प्रज्ञा पेन उघडं धरून आम्हा दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं.

"लिहा," मी म्हटलं. "व्यवसाय, चांदीकाम. पैंजणाच्या कड्या जोडते. चाळीस वर्षं. मागं मी खोटं सांगितलं होतं."

प्रज्ञानं लिहिलं. मग हळू विचारलं, "किती अंतरावरून?"

आईनं माझा उजवा हात उचलला, बोटं जुळवली आणि आपल्या नाकाच्या शेंड्याला आडवी लावली. "एवढ्या."

प्रज्ञा फॉर्म घेऊन डॉक्टरांकडं गेली. थोड्या वेळानं त्यांनी आम्हाला आत बोलावलं. ते माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं, रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त आईशी बोलले.

"जवळचं भिंग बसवता येईल, आजी. पण दोन डोळ्यांत फार फरक पडला तर चक्कर येते, पायरी चुकते. तीन नंबर ठेवतो."

"नऊ होता."

"चार."

"नऊच ठेवा की. माझा हाय त्यो."

मंडईत वांगी घेताना करायची तशी घासाघीस आईनं डॉक्टरांशी केली. सहावर डॉक्टर अडून बसले. "याच्यापुढं नाही. आणि आधीच सांगतो, हा डोळा मुळात कमजोर आहे. उजव्यानं दिसायचं तसं यानं कधीच दिसणार नाही."

"सहा म्हंजे किती बोटं?"

डॉक्टरांनी स्वतःचा हात नाकापुढं धरून अंदाज घेतला. "सात. आठ."

"दुप्पट झालं की."

"दुप्पट."

आई उठली. "बसवा."

डोळा झाल्यावर दीड महिन्यानं तिनं फळीवरचे चिमटे काढले. तातोबांनी थोडीशीच चांदी दिली होती, बघू म्हणून. मी शनिवारी शाळा सुटल्यावर तशीच परस्पर गेले. ती परातीपुढं बसलेली, उजवा डोळा मिटून, साखळी आठ बोटांवर धरून. पूर्वी जे काम ती दोन तासांत करायची त्याला तिला दोन दिवस लागले होते. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावावा लागत होता. तक्रार मात्र एकाही शब्दाची नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं.

"झाली," ती म्हणाली. "तुजा पदर दे."

"माझा?"

"माझं लुगडं जाडंभरडं. ह्या डोळ्याची परीक्षा बारीक सुतावर व्हऊ दे."

मी पदर पुढं केला. रेशमी साडी होती, गॅदरिंगसाठी घेतलेली. आईनं साखळी त्यावर ठेवली आणि ओढली. सुळकन निघत निघत ती पार शेवटाला आली आणि तिथं अडकली. एकच सूत निघालं, पण चांगलं बोटभर.

साखळी आठ बोटांवर धरून तिनं ती कडी शोधली, चिमट्यानं दाबली आणि पुन्हा ओढली. निघाली. मग तिनं माझ्या पदराचं ते सूत दोन बोटांत धरून आत सारायचा प्रयत्न केला. ते काही आत जाईना.

त्या डोळ्यानं आईनं पुढं पाच वर्षं काम केलं. थोडं, हळू, पण तिच्या हातचा माल पुन्हा कधी परत आला नाही. आता तीही नाही.

ती साडी मी अजून नेसते. परवा स्टाफरूममध्ये नव्यानं आलेली एक शिक्षिका म्हणाली, "मॅडम, पदराचं सूत निघालंय. कापून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "माझ्या आईची कडी अडकली होती. हुपरीला चांदी जोडायची ती."